नायक, विहीर, लिंब, पायरी

आधी हे चार शब्द नीट ऐकून घ्या, मंग पुढचं सांगते. मधात कोनी "अरेरे, बिचारी" म्हटलं तं मी तिथंच थांबीन. त्या शब्दाचा मले लय राग येते.

आमचा तांडा फुलसावंगीपासून दोन-अडीच किलोमीटर. आमच्या दारात बाहेर तोंड करून उभं राह्यलं, का उजव्या हातले नायकाचं घर. नायक म्हंजे तांड्याचा पुढारी. डाव्या हातले विहीर. डोक्यावर लिंबाचं झाड, अन् पायाखाली दगडाची पायरी. मले लहानपनापासून कमी दिसते. डावा डोळा तं जन्मापासूनच कामाचा नव्हता. उजव्यात होतं थोडं, तेबी दिवसाउजेडी अन् नाकासमोरचं. म्हून माह्या याडीनं मले दिशा शिकवल्या त्या अशा. याडी म्हंजे आमच्या बोलीत आई. जमनी तिचं नाव. डावं-उजवं तिचं तिलेच गोंधळाचं, शाळेत गेली कुठं ती! ती "नायक" म्हने, का मी उजवीकडं वळो. "विहीर" म्हने, का डावीकडं. "लिंब" म्हंजे वर काही लागून राह्यलं, डोकं वाकव. "पायरी" म्हंजे खाली, पाय सांभाळ. वावरात, लग्नात, एसटीत, सगळीकडं हेच. उमरखेडच्या बाजारात नायकाचं घर कुठून येनार? पन मले समजे. लोक म्हनत, ही बाई येडी हाये का, भर बाजारात विहीर-विहीर करून राह्यली. तिले फरक नाही पडला कधी.

मी नऊ वर्षांची असन तेव्हा तालुक्याच्या गावी डोळे तपासायचं शिबिर लागलं. गुरुजीनं माहं नाव देलं. त्याच्या आदल्या दिवशी तांड्यात कोनीतरी याडीच्या कानात भरवलं, पोरगी आंधळी निघाली तं तिले दूर आंधळ्याच्या शाळेत नेऊन टाकतीन, वर्षातून एकदा भेटीन. झालं. याडी रात्रभर रडली अन् सकाळी माही वेणी घालून मले घेऊन गेली.

तिथं भिंतीवर तक्ता होता. तीन दांड्यांचं अक्षर, कुठं उभं, कुठं आडवं, कुठं उलटं. त्याचं तोंड कोन्या बाजूले ते सांगायचं. डावा डोळा तपासला, काहीच नाही. मंग तो झाकून उजव्यानं सांग म्हने. पहिली ओळ मी माही मीच सांगतली. दुसऱ्या ओळीले सगळं पुसट झालं. अन् मागून हळूच आवाज आला, "नायक."

मी म्हटलं, उजवीकडं.

"पायरी."

मी म्हटलं, खाली.

डॉक्टरनं विचारलं, "बाई काय म्हनून राह्यल्या?" याडी म्हने, "काही नाही जी, घरच्या कामाची आठवन येऊन राह्यली." डॉक्टर हासला. मीबी हासली. सगळा तक्ता आम्ही दोघींनी पार केला अन् डॉक्टरनं लिहिलं, डावा डोळा निकामी, उजवा चांगला. अपंगत्व तीस टक्के, कायमचं. घरी आल्यावर याडीनं अख्ख्या तांड्यात साखर वाटली. "माही पोरगी पास झाली," म्हने. मलेबी तेव्हा तसंच वाटलं.

म्हन हाये ना, आंधळा मागते एक डोळा अन् देव देते दोन. मले देवानं एकबी नाही देला. मले याडीनं देला एक, कागदावर.

आता कॉलेजचं सांगते. बारावीपर्यंत मी मोबाईलचा कॅमेरा मोठा करून करून वाचलं. उमरखेडले बी.ए.ले नाव टाकलं तेव्हा उजव्या डोळ्यातलं दिसनं निघून जायले लागलं. आधी बाजूबाजूचं गेलं. मंग मधातलं उरलं तेबी बारीक होत गेलं. तिसऱ्या वर्षी मले समोरच्या मानसाचं एक तं नाक दिसे, नाही तं कान. अन् कागदावरचं काहीच नाही. परीक्षेत मोबाईल चालत नाही, म्हून दोन वर्षं मी अंदाजानं लिहिलं अन् दोन पेपर राह्यले. त्यातला एक काढला. राज्यशास्त्राचा राह्यला. तो अन् शेवटच्या सत्राचे, एवढं निघालं का मी ग्रॅज्युएट. नागपूरले आंधळ्या पोरापोरींसाठी बोलत्या कॉम्प्युटरचा कोर्स हाये, वर्षाचा, राहायची सोय हाये. त्याले डिग्री पायजे. मी फोन करून सगळं विचारून ठेवलं होतं. तिथल्या बाई म्हने, जून संपायच्या आत मार्कशीट आन, जागा धरून ठेवते. बापू म्हने, म्हंजे माहा बाप नेमसिंग, "या वर्षी झालं तं जा. नाही झालं तं घरी राह्य. दरवर्षी तुह्या मागं कोन धावन?" वाईट मानूस नाही तो. थकला होता.

मले काय पायजे होतं? रायटर. मी सांगीन अन् कोनी लिहीन. अन् तासाले वीस मिनिटं जास्त. बस एवढंच. मी डोळा नव्हता मागितला कोनाले. रायटर तयार होती. माह्या काकाची पोरगी बबिता, बारावीची, अक्षर मोत्यावानी. आम्ही दोघी दोन महिन्यांपासून घरी बसून लिहायचा सराव करून राह्यलो होतो. मी बोलो अन् ती लिही. पहिल्यांदा तिनं माहं "थांब, ते खोड" हेबी लिहून टाकलं होतं, इतकी इमानदार पोरगी.

फेब्रुवारीत पहिला अर्ज देला. ऑफिसात मोठे बाबू होते, भगवानराव. त्यायनं अर्ज वाचला, सर्टिफिकेट पाह्यलं अन् म्हने, "बेटा, चाळीस टक्के पायजे. तुही तीस हाये."

"सर, ते बारा वर्षं जुनं हाये. आता मले दिसत नाही."

"कागदावर तुले एक डोळा हाये."

"कागदावर हाये. तोंडावर पाहा ना!"

त्यायनं सर्टिफिकेट माह्या हातात देलं. मंग म्हने, "मी पाहून काय करू? मी काय डॉक्टर हाव?"

मी पाच वेळा गेली. एकदा अर्जाची पोच नाही देली. एकदा म्हने, प्राचार्य मीटिंगले गेले. एकदा म्हने, तुहा अर्ज सापडत नाही, दुसरा लिहून आन. मी म्हटलं, "सर, मले लिहिता येत नाही म्हून तं अर्ज केला!" बाजूचा चपराशी खोखो हासला. भगवानरावले राग आला. "हक्काची भाषा इथं नको," म्हने. "माह्या सहीनं तुले रायटर भेटला अन् उद्या चौकशी लागली तं माही पेन्शन जाईन. तू देनार हाये का?" त्यायले रिटायर व्हायले आठ महिने होते. तरी त्यायनं चहा मागवला माह्यासाठी, कप हातात देला, "गरम हाये, सांभाळ" म्हने. अशा मानसाशी भांडावं तरी कसं, सांगा. मी चहा पिली अन् तशीच वापस आली.

राज्यशास्त्राचे संघदीप सर मदतीले होते. नवीन लागलेले, तासिकेवरचे, त्यायचं ऑफिसात कोन ऐकते? पन त्यायनं नियम शोधून काढला. चाळीसच्या खालीबी रायटर देता येते, फक्त सरकारी मोठ्या डॉक्टरचं पत्र पायजे, का या मुलीले स्वतः लिहिता येत नाही. "नाही तं टक्केच नव्यानं काढून आन," सर म्हने. "दोन्हीसाठी जिल्ह्यालेच जा लागते. बुधवारी डॉक्टरायचं बोर्ड बसते." पेपर त्याच्या पुढच्या गुरुवारी होता. आठ दिवस. मी म्हटलं, पुरे झाले.

आता माही चूक सांगते. ती माहीच हाये, दुसऱ्या कोनाची नाही.

याडीले मी खरं सांगतलंच नाही. एवढंच म्हटलं, डोळे तपासून नवा कागद आनायचा हाये. तिले कसं सांगू, का तू साखर वाटली ना, त्या दिवसापासून माहं नडलं? बारा वर्षं ती सांगत फिरली, माही रंजिता शिबिरात पास झाली. तांड्यात भांडन झालं कोनासंग अन् कोनी मले आंधळी म्हटलं, का ती तेच सर्टिफिकेट पेटीतून काढून दाखवे. वाचता येत नव्हतं तिले, पन डॉक्टरचा शिक्का दाखवे. मले वाटलं, कायले सांगायचं. कागद भेटला का संपलं, तिले कधी समजनारबी नाही. मी एकटीच जाते म्हटलं तं ती ऐकते का! "दवाखान्यात एकटी जाशीन? मी काही मेली नाही अजून."

पहाटे पाचले निघालो. एसटीत चढतानी "पायरी", बसतानी "लिंब, लिंब," वरच्या सामानाच्या फळीले डोकं लागू नये म्हून. पुसद गेलं, दिग्रस गेलं. याडीनं भाकर अन् ठेचा आनला होता. ती खुशीत होती. म्हने, पदराले साखरेची पुडी बांधून आनली. मी विचारलं, "साखर कायले?" तं म्हने, "पास झाल्यावर तिथंच वाटू. सेवालाल महाराजाले नवस बोलून आली मी." तेव्हाच सांगायले पायजे होतं, याडी, या खेपेले नापास व्हायचं हाये. एका वाक्याचं काम होतं. मी पानी पिली अन् खिडकीकडं तोंड केलं.

दवाखान्यात तीन तास लाईनीत उभं राह्यल्यावर नंबर लागला. डॉक्टर साहेब तरुन असतीन, आवाजावरून. बोलायले चांगले होते. मले खुर्चीवर बसवलं. याडीले बाहेर बसा म्हटलं तं ती म्हने, "पोरीले दिसत नाही ना जी, मी मागं उभी राह्यते." तिथं भावसिंग नावाचा एक अटेंडंट होता, तो डोळ्यावर पट्टी धरे. डावा डोळा झाकला. डॉक्टर म्हने, "समोर तक्ता आहे. तोंड कोणत्या बाजूला ते सांग."

मले तक्ताच नाही दिसला. पांढरं काहीतरी होतं.

"दिसत नाही साहेब," मी म्हटलं.

मागून आवाज आला, "नायक."

मी मान हलवली, नाही म्हून.

"मोठं अक्षर आहे, सगळ्यात वरचं. प्रयत्न कर."

"दिसत नाही साहेब."

"नायक, रंजी!" याडी जरा मोठ्यानं म्हने. तिले वाटलं मले ऐकूच आलं नाही.

"आता?"

"नाही दिसत."

"पायरी. अवं पायरी! काय झालं तुले आज?"

मी मागं हात करून तिले चूप कराले गेली, तं तिनं माहा हात धरून दाबला, धीर देल्यावानी. डॉक्टर थांबले. "त्या काय सांगत आहेत?"

मी काही म्हनायच्या आत भावसिंगनं याडीले आमच्या बोलीत विचारलं. तो आमच्यातलाच निघाला, कोन्यातरी तांड्यावरचा. बस, याडीले आपली बोली ऐकू आली अन् तिचं मन मोकळं झालं. इतक्या मोठ्या दवाखान्यात घरचं मानूस भेटलं! तिनं सगळं सांगतलं. नायकाचं घर उजवीकडं, विहीर डावीकडं. पोरगी कशी हुशार हाये, एका शब्दात समजते. अन् शिबिरातबी आम्ही असंच केलं होतं, पहिल्या झटक्यात पास झाली होती. आज पोरगी घाबरली म्हून बोलून नाही राह्यली, तुम्ही साहेबाले सांगा जरा थांबा म्हून. मी "याडी, याडी" करत राह्यली, ती थांबते कुठं.

भावसिंगनं पट्टी टेबलावर ठेवली. मंग त्यानं याडीले बाहेर बाकड्यावर बसवलं अन् साहेबाले मराठीत सगळं सांगतलं. त्याले तरी मी कायले दोष देऊ? नोकरी होती त्याची.

डॉक्टरनं जुनं सर्टिफिकेट हातात घेतलं, कागदाचा आवाज आला. "म्हणजे हे असं झालंय," ते म्हने.

"हो साहेब. मी लहान होती. आता खरं सांगून राह्यली, मले दिसत नाही. डोळ्यात पाहा ना तुम्ही."

त्यायनं पाह्यलं. दोन्ही डोळ्यात थेंब टाकले, अर्ध्या तासानं उजेड मारून पाह्यलं. म्हने, "पडदा सुकलाय. आजार नक्की आहे. पण किती दिसतं अन् किती नाही, ते तुझ्या तोंडी उत्तरावर मला लिहिता येणार नाही. तेव्हाचं खरं की आजचं खरं? दोन्ही वेळेला आई मागंच उभी होती. वर तिघांच्या बोर्डाच्या सह्या लागतात. मशीनवर तपासावं लागेल, ते नागपूरला. मी तातडीचं म्हणून लिहून देतो."

"तारीख कधीची भेटीन?"

त्यायनं फोन केला. एकवीस दिवसांनंतरची होती.

"साहेब, माहा पेपर आठ दिवसांवर हाये. टक्के नका देऊ. फक्त लिहिता येत नाही एवढं पत्र द्या. इथंच मले पेन द्या, मी लिहून दाखवते, पाहा काय होते तं. मी खोटं बोलून नाही राह्यली. तेव्हा खोटं बोलली ते माहं चुकलं, मी नऊ वर्षांची होती साहेब, नऊ." माहा आवाज फुटला. मले रडायचं नव्हतं. मी घरी आरशासमोर उभी राहून सगळं पाठ केलं होतं, आरसा दिसत नाही तरी. कसं शांत बोलायचं, नियम कोन्ता सांगायचा. सगळं गेलं.

"पत्रसुद्धा त्या तपासणीवरच देता येतं," ते म्हने. "मला वाईट वाटतं."

वाईट सगळ्यायलेच वाटते. मी कागद घेतला अन् बाहेर आली.

बाहेर बाकड्यापाशी याडीनं पदराची गाठ सोडली. पुडीचा आवाज आला. "झाली ना पास?" ती म्हने. "दारातून पाह्यलं मी, शेवटी साहेबानं डोळ्यात बॅटरी मारली, तेव्हा तं तू सगळं सांगतलं असन."

मंग मी सांगतलं. सगळं. लाईनीतल्या लोकांसमोर, ओरडून ओरडून. तीस टक्के म्हंजे काय, चाळीस म्हंजे काय. रायटर काहून नाही भेटला. पाच वेळा ऑफिसात काहून गेली. "तू मले पास केलं ना याडी, त्याच्यानं माहं वाटोळं झालं. तुह्या तोंडानं झालं. कोनं सांगतलं होतं तुले मागून बोलायले? कोनं?" एक म्हातारी म्हने, अवं पोरी, माय हाये ती. मी म्हटलं, तुम्ही चूप बसा.

साखर कुठंतरी सांडली असन, माह्या चपलीखाली करकर वाजली.

वापस येतानी एसटीत चढली तं माही नडगी फूटबोर्डले लागली. कंडक्टरनं हात देला. रागात होती, म्हून मले समजलंच नाही का त्या दिवशी "पायरी" कोनी म्हटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नागपूरच्या तारखेचा कागद घेऊन मी कॉलेजात गेली. संघदीप सर संग आले. प्राचार्यांसमोर उभी राह्यली अन् म्हटलं, "सर, डॉक्टरनं लिहिलं हाये पडदा सुकला म्हून. एकवीस दिवसांनं टक्के येतीन. तोपर्यंत मले तात्पुरता रायटर द्या, टक्के नाही आले तं माहा पेपर रद्द करा. मी लिहून देते." आजपन मले वाटते, मी चांगलं बोलली. यापेक्षा चांगलं कोनाले बोलता आलं नसतं. प्राचार्य म्हने, "तुझं म्हणणं मला पटतं. पण परीक्षेचं केंद्र आपल्याकडं नाही अन् नियमात 'तात्पुरतं' हा शब्द नाही." मंग म्हने, "पुढच्या वर्षी बस ना." सर म्हने, पुढच्या वर्षीपर्यंत तिचा कोर्स जाते. प्राचार्यांनी घंटी वाजवली, दुसरं कोनी आत आलं.

पेपरले सेंटर गावातल्याच दुसऱ्या कॉलेजात होतं. माह्या पायाले तिथलं काहीच माहीत नव्हतं. बबिता आली होती, तीन पेनं घेऊन, नवीन ड्रेस घालून. तिले गेटवरच थांबवलं. "मी नुसती हात धरून वर सोडून देते ना जी," ती म्हने, तं तेवढं करू देलं. ती जिन्यानं मले वर घेऊन गेली, बाकड्यावर बसवलं, अन् कानात म्हने, "ताई, ओळ चुकू देजो नको, डाव्या हाताचं बोट ठेवजो." मंग तिले बाहेर काढलं.

पेपर वाटला. माह्यासाठी कोरा अन् छापलेला कागद एकच. मी मास्तरले म्हटलं, "सर, प्रश्न एकदा वाचून दाखवा." ते म्हने, तसं करता येत नाही. मंग जरा वेळानं बाजूले येऊन उभे राह्यले, काही म्हनायचं असन असं वाटलं, पन गेले. मी बोट ठेवलं अन् लिहायले लागली. कोन्ता प्रश्न हाये ते माहीत नाही, म्हून सगळ्यात चांगलं जे येत होतं ते लिहिलं. समतेचा हक्क. पाठ होता मले, कलमासकट. लिहितानी एक वेळ वाटलं, मस्त चाललं. बबितासंगचा सराव आठवला, अन् मी तोंडातल्या तोंडात बोलून बोलून लिहिलं, "थांब, ते खोड" म्हटलं स्वतःलेच. सातआठ पानांएवढं लिहून झालं असन. घंटा झाली. मास्तरनं पेपर उचलला अन् थांबले.

"पोरी," ते हळूच म्हने, "तू पान पलटवलंच नाही. सगळं एकाच पानावर लिहिलं, ओळीवर ओळ."

"काही वाचता येते का सर?"

"काळं झालं सगळं."

मागच्या बाकड्यावरची पोरं पेपरवर बोलून राह्यली होती. समतेचा हक्क पहिलाच प्रश्न होता, वीस मार्काचा. मी ते ऐकलं अन् उठली.

बबिताले आत येऊ देलं नव्हतं. भिंतीले हात लावून लावून वरांड्यात आली तं मले वास आला. आमच्या घरच्या चुलीचा, याडीच्या लुगड्याचा. ती कशीतरी वरपर्यंत आली होती, चौकीदाराच्या हातापाया पडून. तिनं काही न बोलता माहा हात धरला. आठ दिवसांपासून आमचं बोलनं नव्हतं. मी हात सोडवला नाही. थकली होती मी.

आम्ही चाललो. वरांडा संपला असन. एक पाऊल टाकलं अन् खाली काहीच नव्हतं.

मी तोंडावर पडली. तीन-चार पायऱ्या गडगडत गेली, गुडघा फुटला, ओठातून रक्त आलं. याडी संगच खाली बसली, माहा हात तिनं सोडला नव्हता, तिचंबी कोपर खरचटलं असन. पोरं धावली, कोनी म्हने, "अरेरे, आंधळी हाये." पहिल्यांदा मले त्याचा राग नाही आला.

"याडी," मी म्हटलं, "पायरी हाये म्हून सांगत काहून नाही?"

ती पदरानं माहा ओठ पुसत होती. "नाही," ती म्हने. "माह्या तोंडानं तुहं वाटोळं झालं ना. आता मी कधीच काही नाही सांगनार."

"सांग ना याडी. आता सांग. काही नाही होत."

मी तिचा दंड धरून हलवला, चार वेळा म्हटलं, सांग. तिनं तोंडावर हात दाबून धरला होता, मले बोटाले लागला तो. मंग मीच उठली. भिंत चाचपली, पाय पुढं केला, हळूहळू खाली सोडला अन् मोठ्यानं म्हटलं, पायरी. खाली अजून किती होत्या, मले माहीत नव्हतं.